रंजूनं ‘वाय’ दाबलं नाही

बपेऱ्याच्या मच्छीमार संस्थेची सचिव रंजू ‘हो’ म्हणायला फार वेळ लावते, असं गावात बोललं जातं. लग्नाला होकार द्यायलाही तिनं दोन महिने लावले, हे सासू अजून ऐकवते. त्या एकादशीला मात्र पाच वाजेपर्यंतच वेळ होता. तलावाच्या ठेक्याचा अर्ज तोवर ऑनलाइन गेला नाही, तर पाच वर्षं तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे आणि चाळीस घरांची जाळी खुंटीला.

अर्ज तयार होता, अडलं होतं सहीवर. अध्यक्ष भय्याजींची डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या एका टोकनमध्ये होती. आठवड्यापूर्वी रंजूनं कम्प्युटर ज्यावर चालतो ती लिनक्स प्रणाली नवी केली. त्यात एक जुनी लायब्ररी, म्हणजे दुसरे प्रोग्रॅम जिच्या आधारावर चालतात ती फाइल, निघून गेली. जागी नवी आली, पण टोकनचा प्रोग्रॅम नवीला ओळखच दाखवेना.

भय्याजींनी साकोलीच्या कम्प्युटरवाल्या प्रविणला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“ताई, मी सांगतो थे कमांड मारा. मंग थो विचारन, हो का नाही, वाय का एन. वाय दाबा.”

रंजूनं कमांड मारली. पडद्यावर यादी आली. जुनी लायब्ररी बसवायची तर दोनशे बारा पॅकेजेस, म्हणजे आधी बसवलेले प्रोग्रॅम, काढले जाणार होते. ती बोट ठेवून वाचू लागली.

“दाबलं का?”

“वाचून राहिली.”

“वाचता कायले? कोणीच नाही वाचत थे!”

“म्हणूनच तुमचं दुकान चालते. यात ब्राउजर निघून चालला, मराठी टायपिंग निघून चाललं. एका जावयाले पाट द्याले अख्खी पंगत उठवता का भाऊ?”

भय्याजी घामाघूम झाले. “अवो, दाब ना माय! साडेतीन झाले.”

“नाही दाबत.” तिनं एन दाबलं.

“मंग फॉरमॅटच करा लागते,” प्रविण चिडला. “बाईमाणसाले सांगून…”

पुढचं ऐकायच्या आत रंजूनं फोन कापला.

तिच्या घरी दोघी जावांचं पटेना, तेव्हा सासूनं घर नव्हतं पाडलं. मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, धाकटीची चूल मांडून दिली होती. रंजूनं तेच केलं. जुनी लायब्ररी नेटवरून उतरवून घेतली, पण कम्प्युटरवर बसवली नाही. टोकनच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात नुसती ठेवली आणि त्याला सांगितलं, तू तुझं इथंच पाहा. बाकी सगळे नवीवरच राहिले.

पहिल्यांदा चाललंच नाही. फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. उपाशी पोटी देवाचं नाव घेत तिनं ते सुधारलं, आणि टोकनचा दिवा लागला.

चार चाळीसला अर्ज गेला. पावतीचा क्रमांक आला.

भय्याजींनी टोपी काढून डोकं पुसलं. “प्रविणले सांगून दे, झालं म्हणून.”

“तुम्हीच सांगा,” टोकन त्यांच्या हातावर ठेवत रंजू म्हणाली. “त्याले तुम्ही विचारलं होतं. मी कुठं विचारलं?”