सुनेची कंबर

सत्तरच्या दशकात मी साताऱ्याच्या एका दवाखान्यात बायकांना व्यायाम शिकवत असे. बाळंतपणानं सैल पडलेले ओटीपोटाखालचे स्नायू घट्ट करायचे, हे माझं काम. पण खोकलं की लघवी होते, हे एक बाई तोंडानं सांगेल तर शपथ! सगळ्यांची कंबरच दुखायची. मला त्या कंबरेचा वीट आला होता.

एकदा खंडाळ्याकडची एक सासू सुनेला घेऊन आली. हिचीही कंबरच. सुनेला काही विचारलं की उत्तर सासू देणार, अशीच तेव्हा रीत. बाळंतपणं किती, तर सासू म्हणाली, "तीन." मी सुनेला खाटेवर निजवलं आणि लघवी अडवल्यासारखं आतून आवळून धरायला शिकवलं. सासू स्टुलावरून खोदून खोदून विचारत होती, "भाकऱ्या थापताना केलं तर चालंल का?" सून आपली छताकडे बघत पडलेली. मी चिडलेच, "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

दोन महिन्यांनी दोघी परत आल्या. सासू दारातच दणदणीत शिंकली आणि माझ्याकडे बघून ऐटीत हसली.

"आणि तुझं काय गं?" मी सुनेला विचारलं.

"आवं बाई, मला काय हुतंय? माजं लगीनच औंदा झालंय."