सहा चेहऱ्यांवरून माझ्याकडे आलेला हेडसेट

कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या एका काकांकडे मी रेफरलसाठी गेलो होतो, हे आधीच कबूल करतो. उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळवायला माझ्याकडे दुसरी ओळख नव्हती. आमच्या घरात कॉलेज बघणारा मीच पहिला, आणि आता इथे अमेरिकेत शिकत होतो. आई नागपूरला एका शाळेत पोषण आहार शिजवते. काका व्हर्च्युअल रिअॅलिटीचे हेडसेट बनवणाऱ्या कंपनीत होते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या उचलताना त्यांची ओळख झाली. नंतर फोनवर म्हणाले, "शनिवारी जेवायला ये. सोमवारी तुझा रेझ्युमे टीमला पाठवतो."

जेवणं झाल्यावर काकांनी हेडसेट बाहेर काढला. काकू, त्यांची शाळकरी मुलगी, जर्सी सिटीहून आलेले काकांचे मित्र, मित्राची बायको, शेजारचं एक जोडपं, सगळ्यांनी आळीपाळीने घातला. कुणाच्या कपाळाला घाम होता, कुणाच्या गालाला पावडर. कुणी काही पुसलं नाही.

"डोळ्यांना डबा बांधायचा, यात नवीन काय यार?" मित्र म्हणाले.

"अरे, हा शोध आहे शोध! याच्याआधी असं काही नव्हतंच," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आमच्या स्कॉलरने यावर पेपर लिहिलाय. बोल रे."

गप्प बसता आलं असतं. पण विचारलं की खरं सांगावं, एवढंच मला येत होतं. मी म्हणालो, दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवायची कल्पना जवळजवळ फोटोइतकीच जुनी आहे. छोटे पडदे आणि सेन्सर मोबाइलमुळे मिळाले. त्यामुळे मला ही हळूहळू झालेली प्रगती वाटते, शोध नाही. म्हणजे, बहुतेक.

"बहुतेक!" काका हसले. "आणि याला माझ्या टीममध्ये यायचंय. घाल आधी, मग बोल."

मी घातला. एका कड्याच्या टोकाला उभा होतो, खाली ढग होते. मी खरोखर एक पाऊल मागे सरकलो. कानांत वारा घोंघावत होता. किती वेळ गेला ते कळलं नाही. खिशात फोन थरथरला. ही आईची वेळ, तिकडे सकाळ झालेली असते आणि ती रोज कामावर निघण्याआधी, रविवारीही त्याच वेळी, फोन करते. मी सवयीने अंगठा फिरवला, फोन कानाशी नेला आणि वाऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणालो,

"जय भीम, आई!"

घरी आम्ही फोन असाच उचलतो. या गावात, चार माणसांत, मी तो तसा कधीच उचलला नव्हता. "नंतर बोलतो," म्हणून फोन ठेवला आणि हेडसेट काढला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"अच्छा," काका म्हणाले. "आडनावावरून कळलं नाही हं."

"मग याला तुझा रेफरल कशाला रे?" मित्र म्हणाले. "यांची सीट राखीवच असते."

"इथे नसते ना, बिचाऱ्यांची पंचाईत!" काका म्हणाले.

हशा झाला. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

काकूंनी आतून ओल्या वाइप्सचं पाकीट आणलं आणि हेडसेट पुसायला घेतला. आधी काचा, मग चेहऱ्याला लागणारी गादी, मग डोक्याचा पट्टा, मी हातात धरला होता ती बाजूसुद्धा.

"मॉम, आत्ता का पुसतेस? आधी तर नाही पुसलंस," मुलगी म्हणाली.

"फ्लू चालू आहे ना बेटा."

असेलही. मला त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. पण तो वाळेपर्यंत कुणी हात लावला नाही, आणि मग काकांच्या त्या मित्रांनी दुसऱ्यांदा घातला.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, माझा पेपर चुकलाच. भिंगं जुनी असतील, पडदे मोबाइलचे असतील, पण आपण कुणाच्या घरात उभे आहोत हे मला आजवर कुठल्याही वस्तूने विसरायला लावलं नव्हतं. तेवढा तरी तो खरा शोध होता.

सोमवारी काकांचा मेसेज आला: "रेझ्युमे पाठवत नाही. ज्याला प्रॉडक्टवरच विश्वास नाही, त्याला टीमपुढे कसा नेऊ? राग मानू नकोस."

मी तासभर बसून उत्तर लिहिलं. माझं मत बदललंय, हा खरोखर नवा शोध आहे आणि त्याची कारणं ही, असं मुद्द्यांसकट. त्यातला शब्द न् शब्द मला पटलेला होता. म्हणूनच ते पाठवताना जास्त लाज वाटली. काकांनी वाचलं आणि अंगठा पाठवला.

आईला मी सांगितलं, मशीनबद्दल मी काहीतरी वाकडं बोललो, म्हणून काम झालं नाही.

"कायले बोलाचं मंग मोठ्या लोकायसमोर?" ती चिडली. "इतकं शिकून अक्कल नाही आली तुले." मग तिने विचारलं, "मी फोन केला तवा तू तिथंच होता का रे, बाबू? माह्यामुळं तर नाही ना काही झालं?"

"नाही गं," मी म्हणालो. "तेव्हा मी बसमध्ये होतो."

मग ती मला पुन्हा रागावू लागली, आणि मी ऐकत राहिलो.