खिडकीच्या जागेचा पास

माझ्या एसटीच्या नव्या स्मार्ट कार्डाला प्लास्टिकचा वास येतो, तसाच लेकीच्या एसटी पासाच्या कव्हराला यायचा. ती तापाने गेली तेव्हा त्या महिन्याचा पास संपायचा होता. तिची कॉलेजची पुस्तकं परत करायला मी मालगुंडहून रत्नागिरीच्या गाडीत बसले, तिची खिडकी मोकळी ठेवून. कंडक्टर तिला रोज बघणारा. रोख देऊन माझं तिकीट काढलं आणि खिडकीसाठी तिचा पास पुढे धरला. म्हटलं, "चालू आहे हो अजून." त्याने फोटो पाहिला आणि पास दोन्ही हातांनी परत दिला. निवळीला गर्दी चढली, एकजण आत सरकायला लागला, तर कंडक्टरच ओरडला, "तिकडं नको बसू, ती सीट पासवाल्या पोरीची हाय." आता कंडक्टर माझं कार्ड मशीनला लावतो, आणि मशीन एकदाच वाजतं, माझ्या एकटीपुरतं.