हिराबाईंच्या दुसऱ्या डोळ्यासाठी एकवीस किलोमीटर

सांगलीहून दहिवडीला मी निघालो तो मॅरेथॉनमधून नाव काढून घ्यायला. हे आधीच सांगतो, कारण पळण्यावरचे बहुतेक ब्लॉग पहाटेच्या उत्साहाने सुरू होतात आणि माझ्याकडे तो नव्हता.

झालं असं की विश्रामबागेतल्या आमच्या विमा ऑफिसातल्या पाच जणांनी ठरवलं, साताऱ्याच्या घाटातली अर्धी मॅरेथॉन पळायची, ओळखीच्यांकडून देणग्या घ्यायच्या आणि माण तालुक्यात गरजूंची मोतीबिंदूची ऑपरेशनं करून देणाऱ्या एका छोट्या संस्थेला द्यायच्या. मी एकोणपन्नास वर्षांचा. डबा खाताना सगळ्यांनी हात वर केले म्हणून मीही केला. जुलै संपेपर्यंत दोघे गळाले आणि माझी मजल नऊ किलोमीटरच्या पुढे सरकेना. रोज गजर बंद करताना वाटायचं, हे मी कशासाठी करतोय? देणग्या देणाऱ्यांनी होकार देऊन ठेवला होता, त्यामुळे फोनवर नकार देणं बरं दिसेना. संस्थेच्या सुनीताताईंना समोर जाऊन सांगायचं ठरवलं.

रविवारी सकाळी सहाला निघालो. तासगाव, विटा, मायणी, दहिवडी. स्वतःच्या गाडीने तीन तास धरा. तासगावच्या द्राक्षबागा मागे पडतात, मायणीनंतर हिरवं कमी होत जातं आणि मग नुसता माळ, बाभळी आणि मेंढरं. नाष्टा विट्यातच उरकून घ्या, पुढे सकाळी फारसं काही उघडं नसतं.

सुनीताताई निवृत्त शिक्षिका. मी पोचलो तेव्हा त्या पेशंटना भेटायला निघाल्या होत्या. बरं झालं आलात, बसा गाडीत, म्हणाल्या. म्हसवड रस्त्याला लागलो तरी नाव काढून घेण्याचं माझं वाक्य तोंडातच राहिलं.

पहिलंच घर हिराबाईंचं. सत्तरीच्या पुढच्या, सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. मुलगा मुंबईला कामाला, घरी सून. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालेलं, डावा अजून बाकी. सुनेने हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं आणि बाजरीची भाकरी पुढे ठेवली. तिकडे गेलात आणि कुणी माडगं दिलं तर नाही म्हणू नका. सुनीताताईंनी ओळख करून दिली, हे सांगलीचे, तुमच्या ऑपरेशनसाठी पळणार आहेत.

हिराबाईंनी मला चांगल्या डोळ्याने नीट बघून घेतलं.

"भाऊ, तुमी पळल्यावर माजा डोळा कसा काय बरा व्हनार?"

मी समजावलं की मी पळतो म्हणून लोक संस्थेला पैसे देतात.

"मग न पळताच द्या म्हनावं की. तुमाला कशाला तरास?"

आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या ओसरीवर सांगून बसलो. माझ्या वडिलांनाही मोतीबिंदू होता. सांगलीत राहायचो, दवाखाना दहा मिनिटांवर. पण मार्च एंड झाला की बघू, दिवाळी झाली की बघू, असं म्हणत मी दोन वर्षं ढकलली. ते पायाने चाचपत पायरी उतरायचे, पण कधी तोंडातून तक्रार काढली नाही. तसेच गेले.

हिराबाईंनी माडग्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "मंजी तुमी त्येंच्यासाठी पळताय व्हय. तसं सांगा की."

परतताना सुनीताताईंनी विचारलं, एवढ्या लांब आलात, काही काम होतं का? मी म्हणालो, नाही, सहज.

सांगली सपाट, त्यामुळे आमच्या लोकांनी साताऱ्याला जायचं असेल तर चढाची सवय मुद्दाम करावी. मी एरवी हरिपूर रस्त्याला आणि रविवारी दंडोबाच्या डोंगरावर जाऊ लागलो. गजराशी भांडण रोजचंच होतं, पण आता हरत नव्हतो.

सप्टेंबरात आदल्या दिवशी दुपारी पेठनाका, कराडमार्गे साताऱ्यात पोचलो. हायवेची कामं चालू असल्याने अडीच तासांचे साडेतीन झाले. पोवई नाक्याजवळच्या लॉजमध्ये खोली महिनाभर आधी सांगून ठेवली होती. त्या आठवड्यात दर चढतात आणि तरी जागा मिळत नाही. संध्याकाळी दहीभात खाऊन आडवा झालो.

यवतेश्वरचा घाट सकाळी धुक्यात होता. जाताना चढ, येताना उतार. ऑफिसातले उरलेले दोघे सुरुवातीलाच पुढे निघून गेले. सातव्या किलोमीटरला माझा श्वास पुरेना. शेजारी खंडाळ्याचे एक निवृत्त सुभेदार संथ लयीत पळत होते. म्हणाले, "वर बघू नका गड्या, म्होरल्याच्या टाचा बघा." तसं बघत वळण्याच्या खुणेपर्यंत गेलो.

खरा घात उतारावर झाला. सोळाव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. कठड्यावर बसलो. मदतीची गाडी थांबली, बसता का, विचारलं. दार उघडं होतं आणि खाली सातारा दिसत होता. मी उठून एक पाऊल आधी टेकवून, मग दुसरं, असा उतरू लागलो. वडील असेच उतरायचे हे चार पावलांनी लक्षात आलं. रडू आलं, ते घामात खपलं. गाडीवाल्याला हाताने जा म्हणून खुणावलं. पुढे सपाटीवर थोडं पळता आलं. तीन तास बारा मिनिटं लागली. सुभेदार पेढ्यांचा पुडा उघडून वाट बघत उभे होते.

पंधरा दिवसांनी हिराबाईंचा डावा डोळाही झाला. सुनीताताईंनी फोन लावून दिला. हिराबाईंनी मी पोचलो का एवढंच विचारलं आणि मेंढरं लांबूनच ओळखू येतात असं सांगितलं.

त्याआधी, मॅरेथॉनच्या दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली होती. आई माझ्याकडेच असते. पेपरची अक्षरं अलीकडे बारीक छापतात अशी तिची तक्रार होती. मला काही झालेलं नाही, तुझे पाय बरे झाले की जाऊ डोळ्यांच्या दवाखान्यात, असं ती म्हणत होती. मी रिक्षा बोलावली. जिन्यात मी कठडा धरून आडवा आडवा उतरत होतो आणि ती माझा दंड धरून. दोन मजले उतरायला आम्हाला दहा मिनिटं लागली. खाली रिक्षावाल्याने विचारलं, पेशंट कोण?