ट्रक यार्डात लावून या

आमचे हे, ईश्वर, नागपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत अकरा वर्षं काढली, मग लेऑफ. दीड वर्ष अर्ज केले आणि एक दिवस ट्रकचं लायसन्स घेऊन घरी आले. म्हणाले, "कांता, इतके दिवस स्टीअरिंग डिझाइन केलं, आता हातात धरतो." हसत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेव्हापासून फ्लिंट, सॅगिनॉ, लॅन्सिंग, ग्रँड रॅपिड्स. बर्फात मॅकिनॉचा पूल बंद झाला की तिकडेच मुक्काम. आमच्या अनिकाने फ्रिजवर मिशिगनचा नकाशा लावला होता. बाबा असतील त्या गावावर रोज मॅग्नेट सरकवायची. आणि मी? कुणी विचारलं की सांगायचे, "हे लॉजिस्टिक्समध्ये आहेत." केवढं ते शहाणपण माझं!

गेल्या वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्या लोकांनी नोव्हायच्याच एका शाळेचा हॉल घेतला होता. अनिका बारावीत, तिचं भाषण होतं. ह्यांना सुट्टी मिळाली नाही. दुपारी लॅन्सिंगहून फोन आला, "ट्रेलर सोडला, आता नुसतं ट्रकचं डोकं आहे. थेट हॉलवर येतो. भाषणाला पोचतो बघ."

पार्किंगमध्ये सगळ्यांच्या चकचकीत गाड्या. मी हळूच म्हटलं, "अहो, असे नका येऊ. ट्रक यार्डात लावा, आंघोळ करा, कारने या."

यार्ड, म्हणजे कंपनीचा ट्रकतळ, रोम्युलसला. म्हणजे नोव्हायवरून पुढे जायचं नि उलटं यायचं. हे म्हणाले, "बरं."

अनिका उभी राहिली. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिलंच वाक्य, "माय डॅड ड्राइव्हज अ ट्रक." माझं बोट आपोआप गेलं आणि रेकॉर्डिंग बंद केलं. पोरगी बोलतच राहिली. नकाशा, एकेक गाव, बाबा ट्रकस्टॉपवरून फोनवर गणितं कशी शिकवायचे ते. कष्टाची लाज बाळगू नये हे पुस्तकात नंतर वाचलं, म्हणाली, आधी बाबांकडे पाहिलं. अख्खा हॉल उठून टाळ्या वाजवत होता. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मान खाली घालून बसलेली मी एकटीच.

हे आले तेव्हा जेवणाची रांग लागली होती. ओले केस, इस्त्रीचा शर्ट. जो तो हात मिळवून म्हणत होता, "काय बोलली पोरगी!" आणि हे नुसते हसत होते.

कारमध्ये मी अनिकाला म्हटलं, "बाबांना परत म्हणून दाखव ना." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आय सेड इट, आई. ही वॉजन्ट देअर." ह्यांनी माझा फोन मागून घेतला, ते एकच वाक्य ऐकलं आणि फोन परत दिला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अनिका आता कॉलेजला, दूर. यंदा जयंतीला मीच फोन केला, "अहो, ट्रक घेऊन थेट हॉलवर या."

"नको," म्हणाले, "यार्डात लावूनच येतो. आता कुठे घाई आहे?"