सरलाबाईंनी वळलेले लाडू

सरला निखाडेंच्या नवऱ्याचे, विष्णुपंतांचे, गुडघे भिलाईच्या स्टील प्लांटच्या नोकरीत असतानाच बोलायला लागले होते. काम टाइम ऑफिसातलं, बसून. पण सेक्टर दहातलं क्वार्टर वरच्या मजल्यावर, आणि जिना चढताना ते मध्येच थांबून उगाच खाली स्कूटरकडे पाहत. रिटायर झाल्यावर स्मृति नगरात घर बांधलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम एकही पायरी ठेवली नाही.

सरलाबाईंचं माहेर भंडाऱ्याकडचं. तिकडच्या रीतीनं त्या निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक देत, तोच पाला तिळाच्या तेलात कढवून गुडघ्यांना चोळत, थंडी पडली की मेथी-डिंकाचे लाडू वळत. आराम पडे, पण गोगलगायीच्या पावलानं. विष्णुपंतांना तेवढा धीर नव्हता.

चंपतराव बोरकुटे हे त्यांचे प्लांटमधलेच जुने सोबती. नोकरी सोडून त्यांनी बाजारात जडीबुटीचं दुकान टाकलं होतं आणि आता लोक त्यांना वैद्यजी म्हणत. त्यांनी एक भुरकट चूर्ण दिलं. आठवडाभरात विष्णुपंत तळ्याला चक्कर मारून आले आणि अंगणात उभे राहून हसले. सरलाबाईंनी निर्गुडीची कढई धुऊन माळ्यावर टाकली.

मग त्यांचा चेहरा भरत गेला. शेजारीपाजारी म्हणाले, रिटायरमेंट मानवली. गाल फुगून डोळे बारीक झाले, जराशा खरचटण्यानं हातावर काळेनिळे डाग पडू लागले, आणि एक दिवस खुबा असा दुखला की त्यांना न्हाणीतून उचलून आणावं लागलं. डॉक्टरांनी चेहरा पाहूनच काय खाता म्हणून विचारलं. चूर्ण तपासून घेतलं तेव्हा त्यात स्टेरॉइड निघालं. जडीबुटी नावालाच होती. खुब्याचं हाड आतून मेलं होतं. ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि विष्णुपंत घरी परतले नाहीत.

तेरावं झाल्यावर सरलाबाई दुकानात गेल्या. भांडायला नाही; त्यांना फक्त एवढंच ऐकायचं होतं की चूक झाली. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं. चंपतराव त्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेतानं, मोठ्या मायेनं म्हणाले, "वयनी, विष्णूनं पथ्य पाळलं नाही. मी त्याले किती सांगत होतो, वांगं नको खाऊ, दही नको खाऊ. त्याले जीभच आवरत नव्हती. आता औषधाले कावून बट्टा लावता?"

विष्णुपंतांनी दोन्ही गोष्टी सोडल्या होत्या. वांग्याची भाजी त्यांच्या जिवाची, तरी सोडली होती. नवरा गेल्याचं दुःख त्यांनी कसंबसं गिळलं होतं. मेलेल्या माणसाला हावरट ठरवलेलं मात्र त्यांच्या घशात अडकलं. पुण्यातला मुलगा शुभंकर म्हणाला, तक्रार करू. तक्रार झालीही. कुणीतरी येऊन नमुना नेला, दुकान थोडे दिवस बंद राहिलं, पुन्हा उघडलं. पाटीवरचा रंग तेवढा नवा झाला.

सरलाबाईंनी तेराव्यानंतरच्या त्या खेपेला दुकानात एक गोष्ट पाहून ठेवली होती. चंपतराव खुर्चीतून उठले ते गल्ल्यावर दोन्ही हात टेकून, दात आवळून. गुडघे त्यांचेही गेले होते. म्हणजे स्वतःच्या चूर्णाला ते बोट लावत नव्हते.

पुढच्या थंडीत त्या पुन्हा दुकानात गेल्या. पदर सावरून म्हणाल्या, झालं ते झालं, माझेही गुडघे दुखून राहिले, चूर्ण द्या. चंपतरावांना हायसं वाटलं. विष्णूची बायकोच औषध नेते म्हटल्यावर कोणाचं तोंड उघडणार होतं? त्यांनी पुड्या बांधून दिल्या. सरलाबाईंनी घरी येऊन मेथी तुपात भाजली, डिंक फुलवला, सुंठ कुटली, गूळ किसला, आणि पुड्या सोडून ते चूर्ण त्यात कालवलं. मेथीच्या कडूपणात काहीही खपतं. डबा भरून त्या दुकानात देऊन आल्या. घरचे आहेत, म्हणाल्या, रोज सकाळी एक खा.

पहिला डबा गल्ल्यावर ठेवून त्या लगेच निघून आल्या होत्या. दुसरा देताना बसून चहा घेतला. चंपतराव हात न टेकता उठू लागले, जिना चढू लागले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की वयनीच्या हाताले गुण आहे. सरलाबाई चूर्ण नेत आणि लाडू आणून देत. बोलता बोलता त्यांची नजर चंपतरावांच्या गालांवर असे. गाल भरू लागले त्या दिवशी त्यांनी घरी येऊन वांग्याची भाजी केली आणि एकटीनं पोटभर जेवल्या. हे पाप आहे हे त्यांना कळत होतं. देवापुढं दिवा लावताना त्या क्षमा मागत नव्हत्या. तेवढं ढोंग त्यांना जमलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर चंपतरावांनी समाजाच्या हॉलमध्ये सांधेदुखीचं शिबिर ठेवलं. लाडूंचाही धंदा करायचा त्यांचा बेत होता. सारखी तहान लागून पाण्याची बाटली त्यांच्या हातातून सुटत नव्हती, तोंड वाटोळं झालं होतं, पण पायांत जोर होता आणि त्याच तोऱ्यात त्यांनी सरलाबाईंना मंचावर बोलावलं. म्हणाले, या वयनींच्या लाडवानं मी धावून राहिलो. आता त्याच सांगतील त्यात काय काय आहे.

सरलाबाईंनी माईक धरला. हॉलमध्ये ओळखीच्या कितीतरी बायका होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या.

"मेथी, डिंक, सुंठ, गूळ," त्या म्हणाल्या, "अन् वैद्यजीचं चूर्ण. आमच्या ह्यायले देत होते तेच."

चंपतराव हसले. मग हसू थांबलं. माईक समोर चालू आहे हे विसरून त्यांनी विचारलं, "किती टाकलं?"

"तुमी जेवढं सांगितलं तेवढंच. माह्या वाट्याचं सारं तुमालेच दिलं."

चंपतराव मटकन खुर्चीत बसले. भर हॉलमध्ये त्यांनी मोबाइल काढून शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगू लागले.

"जडीबुटीच आहे नं?" सरलाबाई म्हणाल्या. "मंग भेता कावून?"

पहिल्या रांगेतल्या कौशल्याबाईंनी पिशवीतल्या पुड्या काढून मंचाच्या कडेला ठेवल्या आणि त्या उठल्या. मागून दुसरी उठली. कोणी ओरडलं नाही, कोणी काही फेकलं नाही. सरलाबाईंनी एवढंच बजावलं की औषध एकदम तोडू नका, त्यानंही घात होतो, आधी डॉक्टरला दाखवा.

चंपतरावांना दवाखान्यात ठेवावं लागलं. साखर भडकली होती. पोलिसांत ते गेले नाहीत. काय सांगणार होते, की माझं औषध मला खाऊ घातलं? दुकान मात्र या वेळी उघडलं नाही, कारण यायला कोणी उरलं नव्हतं.

शुभंकर धावत भिलाईला आला. सगळं ऐकून तो हात धुऊन ताटावर बसला. "आई, वो मर जाता तो?" त्यानं लहानपणच्या भिलाईच्या सवयीनं हिंदीत विचारलं.

"मेला असता," सरलाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात भात वाढला.

मागच्या दिवाळीनंतर शेजारच्या दुर्गच्या बाजारात चंपतराव त्यांना दिसले. काठी टेकत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालले होते. त्यांनी थांबून हात जोडले. सरलाबाई त्यांच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, हात मात्र पदरात तसेच ठेवले. ते वळून गर्दीत दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारला.