जिन्यातला धूर

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमची चार मजली इमारत होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या घरात एक सिंधी काकू एकट्याच राहायच्या. खाली सोफ्याच्या गाद्या बनवायचं वर्कशॉप होतं. फोम आत मावत नसे, म्हणून तो जिन्याखाली मीटरच्या पेट्यांना टेकवून रचलेला असायचा. सगळे अंग चोरून तिथून ये-जा करायचे.

एका दुपारी मी आणि सासूबाई जेवायला बसलो होतो. अचानक वीज गेली आणि रबर जळल्यासारखा वास आला. मी दार उघडलं, तर जिन्याचा कठडाही दिसेना. खालून काळा धूर नुसता उसळत वर येत होता. मीटरजवळ ठिणगी पडून फोम पेटला होता, हे नंतर कळलं.

तेवढ्यात काकू ओढणी तोंडाला लावून बाहेर आल्या आणि त्यांनी आपलं दार ओढून घेतलं.

"ऊपर चलो, टेरेस पे," त्या म्हणाल्या.

"नको काकू, हमारे घर में आओ." मी त्यांचा हात धरला.

"अंदर तो घुट के मर जाएंगे, बेटा." त्यांनी हात सोडवून घेतला आणि त्या वर गेल्या.

सासूबाईंनी मला आत ओढलं. चादरी भिजवून आम्ही दाराच्या फटीत कोंबल्या आणि बाल्कनीत जाऊन ओरडत राहिलो. चौथ्या मजल्यावरचे लोक दार उघडं टाकून मागच्या पाइपावरून उतरले होते. त्यांच्या घरात आग शिरली, पडदे पेटले आणि आमच्या डोक्यावर काचा फुटू लागल्या. शेवटी फायर ब्रिगेडवाल्यांनी ग्रिल कापून आम्हाला शिडीवरून उतरवलं.

काकू गच्चीच्या दाराशी सापडल्या. दाराला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे असते, हे त्या दिवशी कोणीच सांगू शकलं नाही.

"धूर सगळा वर जाऊन साचतो, ताई," एक जवान म्हणाला. "निघायला वाट नसली, की तिथं दोन मिनिटंसुद्धा माणूस टिकत नाही."

दुसऱ्या दिवशी काकूंची मुलगी पुण्याहून आली. मी तिच्यासोबत वर गेले. काकूंचं दार बाहेरून काळं ठिक्कर पडलं होतं. आत ओट्यावर भात झाकलेला होता, दोरीवर कपडे वाळत होते. भिंतींना जेमतेम काजळी धरली होती.

तिने भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं.

"यहाँ तो कुछ जला ही नहीं," ती म्हणाली.